हबवर चढलं म्हणजे बसलं असं नव्हे

‘सेंटरलॉकची चाकं घेताना तीनच गोष्टी बघायच्या. वजन किती कमी, दिसायला कशी, आणि आपल्या हबवर चढतात का. टायरचं काय, ते नंतर मिळतात.’

हे मी गेल्या तीन-चार वर्षांत इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते कुणा एकाचं मत राहिलेलं नाही. रविवारी पहाटे घाट चढून लोणावळ्यात चहाला थांबणाऱ्या मंडळींत ते ऐकू येतं, बाहेरून मागवलेली चाकं विकणाऱ्यांकडे ऐकू येतं, आणि परवा ते माझ्या अगदी जवळच्या स्नेह्यांच्या तोंडून ऐकलं. त्यांच्याकडे ९९२ पिढीची पोर्शे ९११ जीटी३ आहे. गाडी त्यांना मनापासून कळते. कोणत्या वळणात किती ब्रेक, कोणत्या तापमानाला टायरमध्ये किती हवा, हे ते झोपेतही सांगतील. म्हणून तर हे लिहायला बसलो. नवख्याची चूक त्याच्यापुरती राहते. जाणत्याची चूक चार जण सल्ला म्हणून घरी घेऊन जातात.

माझं म्हणणं सरळ आहे. हा क्रमच उलटा आहे, आधी कळस मग पाया. कंपनीची चाकं काढून दुसरी बसवायला माझी काडीची हरकत नाही. पण निवड टायरपासून सुरू व्हायला हवी, तिथून हबवरच्या जोडाकडे, तिथून चाकाच्या ताकदीकडे यायला हवी. वजन आणि रूप त्यानंतर.

सगळ्यात जास्त गैरसमज जोडाबद्दल आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो. साध्या गाडीचं चाक चार-पाच बोल्टांवर धरलेलं असतं. सेंटरलॉकमध्ये मधोमध एकच मोठा नट असतो. बैलगाडी पाहिलेल्या माणसाला ही कल्पना नवी वाटणार नाही. तिथेही चाक आसावर एकाच खिळीनं अडवलेलं असतं. पण घोळ इथेच होतो. बैलगाडीची खीळ चाकाला फक्त बाहेर पडू देत नाही. सेंटरलॉकचा नट चाकाला हबवर दाबून धरतो, इतक्या जोरानं की चाकाची मागची बाजू आणि हबचा चेहरा एकमेकांवर केसभरही सरकू नयेत. हबवर पाच जाड पिना असतात आणि त्या चाकाच्या मागच्या भोकांत शिरतात. त्या बघून लोकांना वाटतं की सगळा भार पिनाच घेतात. पिना मदत करतात, पण मूळ काम त्या दाबाचं. दाब कमी पडला की चाक हबवर सूक्ष्म हलायला लागतं, आणि हललं की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना खायला लागतात.

ही युक्ती जुनी आहे. कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कंपनीनं १९०८ च्या सुमारास एका नटावर निघणारं तारांचं चाक आणलं. त्या वर्षीच्या फ्रेंच ग्रां प्रीला अशी चाकं वापरू द्यायला आयोजकांनी नकार दिला, इतका त्याचा फायदा उघड होता. रेसमध्ये चाक बदलताना वाचलेला प्रत्येक सेकंद पदरात पडतो. रस्त्यावरच्या गाडीला पिटस्टॉप नसतो, हे मान्य. म्हणून ‘सेंटरलॉक म्हणजे निव्वळ मिरवणं’ असं म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. मी भांडतो ते पुढच्या वाक्याशी: ‘एकच तर नट आहे, त्यात काय एवढं.’

एकच नट आहे, म्हणूनच एवढं आहे. ९११ करेराच्या पाच बोल्टांना प्रत्येकी १६० न्यूटन मीटर टॉर्क लागतो. जीटी३ च्या एका नटाला ६०० लागतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण ६१ किलोचा माणूस लोंबकळला तर तेवढा टॉर्क येतो. पाचांतला एक बोल्ट सैल राहिला तर बाकीचे चार सांभाळून घेतात. इथे सांभाळून घेणारं कुणी नाही.

आणि ६०० हा आकडासुद्धा अर्धीच गोष्ट सांगतो. नट आवळताना आपण लावलेला बहुतेक जोर घर्षणात जातो: ढोबळमानानं निम्मा नटाच्या बैठकीखाली, चाळीसेक टक्के आट्यांमध्ये. प्रत्यक्ष दाब तयार करायला उरतो तो दहावा हिस्सा. आता घर्षण थोडंसं वाढलं तर काय होईल बघा. बैठक कोरडी असेल, आट्यांत धूळ असेल, तर त्या दहा टक्क्यांचे आठ, सात होतात. टॉर्क रेंच मात्र ६०० ला खटकन वाजतो आणि पाना धरणारा समाधानानं दुसऱ्या चाकाकडे वळतो. म्हणून आट्यांना आणि नटाच्या चाकावर टेकणाऱ्या शंकूला ॲल्युमिनियमची ठरलेली पेस्ट लावायची असते, आणि म्हणूनच एकदा घट्ट करून, थोडं सैल करून, पुन्हा ६०० ला आणायचं असतं. पहिल्या आवळण्यात पृष्ठभाग एकमेकांवर बसतात, दुसऱ्यात खरा दाब येतो. हे सोपस्कार वाटतात त्यांनी पुढचा प्रसंग वाचावा.

दोन वर्षांपूर्वी एका परिचितांची गाडी टायर बदलायला एका दुकानात गेली होती. दुकानाचं नाव सांगत नाही. तशी दुकानं पुष्कळ आहेत. मी सहज सोबत गेलो होतो. चाक बसवणारा मुलगा हुशार होता, हात चपळ होता, पण त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. जुन्या पेस्टचा काळपट थर त्यानं फडक्यानं पुसून काढला, कारण त्याला ती घाण वाटली. नट कोरडाच लावला आणि इम्पॅक्ट गन मारली. चाक फिरू नये म्हणून ब्रेक दाबून धरायला कुणी बसलं नव्हतं. चाक जमिनीवर टेकवलं आणि शेवटचा झटका मारला. मी बोललो, तर काउंटरवरच्या माणसानं सांगितलं की आम्ही रोज करतो. साधारण चाळीस किलोमीटरनंतर मागच्या डाव्या बाजूनं ब्रेक सोडताना टक्, टक् असा आवाज यायला लागला. नट उघडला तेव्हा शंकूच्या चकचकीत पृष्ठभागावर बोटाच्या नखाएवढे चंदेरी ओरखडे होते, धातूच धातूला चिकटून फाटलेला. चाकाच्या बैठकीवर त्याच जागी खड्डे. नट गेला, चाक गेलं. टायर नवाकोरा होता.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट पाहिली. नटाच्या मध्यभागी स्प्रिंगवर एक अडसर असतो. सॉकेट आत दाबलं की तो मागे सरतो आणि नट फिरू देतो. सॉकेट काढलं की त्यानं पुन्हा बाहेर येऊन नटाला अडवायचं असतं. दाब कधी कमी झालाच, तर नट सुटू न देणारा तो शेवटचा राखणदार. त्या चाकाचा अडसर अर्ध्यातच अडकून राहिला होता. वरून शोभेचं झाकण बसवलं की हे काहीच दिसत नाही.

आता बाजारातल्या चाकांकडे वळतो. ‘हबवर चढतंय’ या दोन शब्दांत नेमकी नटाची बैठकच गाळली जाते. चाक हबवर चढतं ते मधल्या भोकामुळे आणि पाच पिनांमुळे. बसतं ते शंकूच्या कोनामुळे, त्या शंकूच्या पृष्ठभागामुळे आणि चाकाच्या मागच्या सपाट चेहऱ्यामुळे. शंकूचा कोन जरासा चुकला तर नट पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका कडेवर टेकतो. दिसायला चाक घट्ट असतं, हलवून बघितलं तरी हलत नाही. दाब मात्र एका बारीक वर्तुळावर आलेला असतो, आणि तिथला धातू काही शे किलोमीटरांत दबला की तो दाबही जातो. म्हणून चाक विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: बैठक कंपनीच्या मूळ नटासाठी कोरली आहे का, की तुम्ही तुमचा वेगळा नट देता? वेगळा देत असाल तर त्याची पेस्ट कोणती, टॉर्क किती, हे लेखी द्या. याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याच्या चाकाचं वजन ऐकायची गरज नाही.

रंगाचंही तेच. चाकं काळी हवीत म्हणून पावडर कोटिंग करून घेतात आणि रंगवणारा बैठकही रंगवून देतो. रंगाचा थर म्हणजे दोन धातूंच्या मधली गादी. गरम-गार होता होता ती दबते आणि तेवढा दाब निघून जातो. बैठक, मागचा चेहरा आणि पिनांची भोकं झाकून मगच रंग, यात तडजोड नाही.

स्पेसरबद्दल तर मी कडकच बोलेन. चाक बाहेर काढून मडगार्डच्या कडेला आणायचं म्हणून मध्ये चकती घालतात. पाच बोल्टांच्या गाडीत लांब बोल्ट घालून ते निदान निभावून नेता येतं. सेंटरलॉकमध्ये जितकी चकती जाड, तितक्या पिना चाकात कमी शिरतात आणि तितके नटाचे आटे कमी पकडतात. ज्या दोन गोष्टींवर चाक उभं आहे, त्याच दोन्ही पातळ करायच्या आणि बदल्यात काय, तर मागून बघणाऱ्याला गाडी दोन बोटं रुंद दिसावी? साध्या गाडीवर ॲडॅप्टर ठोकून सेंटरलॉक करून देणाऱ्यांचंही मला हेच वाटतं. आधीचे पाच बोल्ट आत राहतातच, वर आणखी एक जोड आणि आणखी वजन. त्यात फायदा एकही नाही, बिघडायच्या जागा मात्र दुप्पट.

आता वजन, कारण विक्रीचं सगळं बोलणं तिथे येऊन थांबतं. ‘चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले चार किलो’, कुणी म्हणतं आठ, कुणी दहा. हा आकडा कुठून आला याचा मी पुष्कळ शोध घेतला. तो फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जातो. गणित मात्र शाळेतलं आहे. फिरणाऱ्या वस्तूला वेग द्यायचा तर तिला पुढे ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं. सगळं वजन अगदी टायरच्या बाहेरच्या कडेला असेल तर हे काम दुप्पट होतं. त्याहून जास्त होऊच शकत नाही. रिम तर टायरच्या बरीच आत असते. २० इंची रिमची त्रिज्या २५४ मिलिमीटर, तिच्यावर २५५/३५ चा टायर चढवला की बाहेरची त्रिज्या साधारण ३४३. या हिशेबानं रिमच्या कडेचा एक किलो दीड किलोसारखा वागतो. आऱ्यांचा आणि मधल्या भागाचा त्याहून कमी.

समजा नवी चाकं प्रत्येकी दीड किलोनं हलकी आहेत. चार चाकांचे सहा किलो, दीडपट धरून नऊ. पीडीके गिअरबॉक्सची जीटी३ आहे १,४३५ किलोची. नऊ किलो म्हणजे टाकीतलं बारा लिटर पेट्रोल. वेग घेताना या हलक्या चाकांचा जो फरक पडेल, तो टाकी पाऊण भरून निघालात तरी पडेल.

मग हलकं चाक निरर्थक आहे का? मुळीच नाही, आणि इथे मी स्नेह्यांच्या बाजूनं आहे. स्प्रिंगच्या खालचं वजन कमी झालं की उंचवट्यावरून गेलेलं चाक लवकर जमिनीवर येतं, टायर रस्ता धरून राहतो, डॅम्परला कमी झगडावं लागतं. पोर्शेनं ९९२ जीटी३ आरएसच्या वायझाख पॅकेजमध्ये फोर्ज्ड मॅग्नेशियमची चाकं देऊन सुमारे आठ किलो वाचवले, ते काही उगाच नाही. पण हा फायदा टायरमधून मिळतो, आणि टायर चुकीचा असेल तर मिळतच नाही. त्यातून टायरचं वजन रिमपेक्षाही बाहेर असतं. हलकी रिम घेऊन तिच्यावर जड टायर चढवणारे मी पाहिले आहेत. त्यांनी कमावलेलं सगळं तिथेच गमावलं आणि त्यांना ते कळलंही नाही, कारण टायर वजनकाट्यावर ठेवायची पद्धतच नाही.

हलकेपणाचा हट्ट जिथे खरंच महागात पडतो ती गोष्ट म्हणजे ताकद. चाकाची परीक्षा कशी होते हे एकदा डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. टायर बसवलेलं चाक १३ अंशांत तिरकं धरतात आणि त्याच्या कडेवर २३० मिलिमीटर उंचीवरून लोखंडी वजन सोडतात. वजन किती, तर चाकावर येणाऱ्या कमाल भाराच्या ०.६ पट अधिक १८० किलो. चाकावर ५५० किलोचा भार धरला तर ५१० किलो. आवाज छातीत बसतो. मग मिनिटभर थांबायचं. आरपार तडा गेला किंवा हवा सगळी निघून गेली तर चाक नापास. याशिवाय वळणातला वाकवणारा भार लाखो वेळा देऊन थकवा तपासतात आणि फिरत्या ड्रमवर दाबून चाक पळवतात. जपानची जेडब्ल्यूएल आणि व्हीआयएची खूण, जर्मनीत चाकावर कोरलेला केबीए क्रमांक, आपल्याकडे बीआयएसची खूण, या सगळ्यांच्या मागे अशा चाचण्या उभ्या असतात. जर्मनीत तर क्रमांकाबरोबर कागद येतो आणि त्यात कोणत्या गाडीवर, कोणत्या मापाच्या टायरसह हे चाक चालेल ते लिहिलेलं असतं. ‘जर्मनीतही लोक चाकं बदलतात’ असा दाखला देणाऱ्यांनी तो कागदही दाखवावा.

एक किलो वाचवायला आरे बारीक केलेलं, कुठलीही खूण नसलेलं चाक आणि पावसाळ्यातला आपला रस्ता यांची गाठ कशी पडेल, हे वेगळं सांगायला नको. जीटी३ च्या पुढच्या टायरची भिंत ८९ मिलिमीटर आहे, मागची साडेचौऱ्याण्णव. बुजवलेल्या खड्ड्याची कड, एक्स्प्रेसवेवर पुलाचा जोड, गतिरोधकाचं तुटलेलं टोक, या सगळ्याला तोंड द्यायला तेवढीच हवा मध्ये आहे. तरी मागे २२ इंची चाक घालायची टूम आहे. ३१५/२५ चा टायर त्यावर चढवला की भिंत ७९ वर येते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. मोठं चाक मोठं दिसतं, एवढा एकच गुण त्यात आहे.

उलट बाजूचीही चूक होते, आणि ती जास्त समंजस वाटणारी म्हणून जास्त फसवी. ‘मागे २० इंची घेऊ, टायर सहज मिळतात.’ विचार चांगला, पण मापं मोजा. मूळ गाडीत पुढे २५५/३५ आर २०, मागे ३१५/३० आर २१. बाहेरचा व्यास पुढे ६८६ मिलिमीटर, मागे ७२२. म्हणजे मागचा टायर पुढच्यापेक्षा पाच टक्क्यांनी मोठा, आणि एबीएस व स्थिरता राखणारी यंत्रणा हे प्रमाण धरून चालते. मागे ३०५/३० आर २० घातला की व्यास ६९१ होतो. मागचं चाक आता अपेक्षेपेक्षा साडेचार टक्के जास्त वेगानं फिरतं. संगणकाच्या दृष्टीनं मागची दोन्ही चाकं सतत घसरत आहेत. सरळ रस्त्यावर काही कळणार नाही, पण ओल्या वळणावर यंत्रणा चुकीच्या क्षणी मध्ये पडेल किंवा योग्य क्षणी गप्प बसेल. माप बदलायचंच असेल तर चारही टायरांचं एकत्र गणित मांडा आणि पुढच्या-मागच्यातलं प्रमाण राखा. त्यातही आधी ब्रेक मोजा, कारण या गाडीची पुढची लोखंडी डिस्कच ४०८ मिलिमीटरची आहे. लहान रिम कॅलिपरवर घासेल. कायद्याचाही विचार हवा. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे.

तर टायर. ‘ते नंतर मिळतात’ हे विधान भारतात तरी धाडसाचं आहे. जून २०२० पासून नव्या टायरांची आयात परवान्याखाली आहे. रोजच्या मापांना त्याचा चटका बसत नाही. ३१५/३० आर २१ ला बसतो. एका मागच्या टायरला खिळा लागून भिंत फाटली आणि तसाच दुसरा मिळेना म्हणून गाडी महिनोन् महिने कव्हरखाली उभी, असं मी पाहिलं आहे. दुसरा म्हणजे कोणताही दुसरा नव्हे. पोर्शे ज्या टायरला मान्यता देते त्याच्या भिंतीवर एन ०, एन १ अशी खूण असते. तो आकडा दर्जाचा नाही, त्या टायरच्या मान्यताप्राप्त आवृत्तीचा आहे, आणि वेगवेगळ्या आवृत्त्या एकत्र घालायच्या नसतात. डाव्या-उजव्या बाजूला वेगळे टायर घालून शंभराच्या पुढे जाणाऱ्याला मी गाडीचा जाणकार म्हणणार नाही.

याच ठिकाणी मूळ माप जपण्याचा एक मोठा फायदा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. ९९२ टर्बो एसची टायरची मापं आणि जीटी३ ची मापं एकच आहेत: पुढे २५५/३५ आर २०, मागे ३१५/३० आर २१. टर्बो ही रोज वापरायची गाडी म्हणून बनवलेली, त्यामुळे याच मापात ओल्या रस्त्याचा विचार केलेले एन खुणेचे टायर मिळतात. जीटी३ वर सहसा येणारा मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ हा कोरड्या ट्रॅकचा राजा. त्याच्या खाचा कमी आणि उथळ. जुलैत पनवेलच्या पुढे रस्त्यावर पाण्याची चादर असताना त्याच्या भरवशावर राहायचं नाही. जो माणूस चाकांचा दुसरा संच घेण्याइतका खर्च करतो आहे, त्यानं तो याच कारणासाठी करावा: एका संचावर ट्रॅकचे टायर, दुसऱ्यावर पावसाळ्याचे. बाजारातलं चाक घ्यायला याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

टायरला आधी मान देणं ही माझी लहर नाही. २०२१ मध्ये पोर्शेनं याच जीटी३ ची न्यूरबर्गरिंगची वेळ जाहीर केली. २०.८३२ किलोमीटरचा पूर्ण फेरा लार्स केर्ननं ६ मिनिटं ५९.९२७ सेकंदांत मारला. त्या दिवशी गाडीवर चाकं सजावटीची नव्हती, टायर मात्र निवडून घातले होते: पायलट स्पोर्ट कप २ आर. सात मिनिटांच्या आत आणि बाहेर यांच्यामध्ये सेकंदाच्या बाराव्या हिस्स्याहून कमी फरक असताना पोर्शेच्या अभियंत्यांनी सगळ्यात आधी कशाची काळजी घेतली असेल, ते कळायला कठीण नाही.

काही मंडळी माझं बोलणं ऐकून दुसऱ्या टोकाला जातात: ‘मग कंपनीच्याच चाकांना हात लावू नये.’ मला तेही पटत नाही. कंपनी म्हणजे देव नव्हे. ९९७ पिढीच्या जीटी३ मध्ये मागच्या चाकांच्या हबमध्ये दोष निघाला आणि पोर्शेला २०१० मध्ये गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दुसरीकडे मूळची जर्मनीची बीबीएस, कॅलिफोर्नियाची एचआरई, ओहायोची फोर्जलाइन असे निर्माते आहेत, त्यांची चाकं रेसमध्ये मार खाऊन शिकलेली आहेत. चांगल्या निर्मात्याला तुम्ही बैठकीबद्दल, भाराबद्दल, चाचण्यांबद्दल विचारलंत तर तो वैतागत नाही, आकडे देतो. मूळ चाक वाकलं आणि बदली मिळायला वेळ लागणार असेल, ट्रॅकसाठी वेगळा संच हवा असेल, तर बाजारातलं चाक हा शहाणपणाचा खर्च आहे. नक्कल चाकांना मात्र मी या यादीत धरत नाही. नामांकित चाकाचा चेहरा उचलून ओतीव ॲल्युमिनियमवर चढवलेलं चाक ३०० च्या वर धावू शकणाऱ्या गाडीवर लावणं, यात मला जिवाशी खेळ दिसतो, दुसरं काही दिसत नाही.

स्नेह्यांशी हे सगळं तीन बैठकांत बोललो. पहिल्या दिवशी ते चिडले, आणि ते साहजिक होतं. त्यांनी एका चाकाचं चित्र महिनाभर फोनवर जपून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कागद घेऊन रिमच्या एका किलोचं गणित केलं आणि दीडच्या पुढे जाईना म्हणून पुन्हा केलं. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या गॅरेजमध्ये मागचं उजवं चाक उतरवलं. ते ब्रेकवर बसले, मी लांब पाना धरला. बैठक पुसली, पेस्टचा पातळ थर लावला, ६०० ला आणलं, सैल केलं, पुन्हा ६०० ला आणलं. सॉकेट काढलं आणि वाकून दोघांनी बघितलं. अडसर पूर्ण बाहेर आला होता. त्यांनी बोट लावून खात्री केली आणि मग बाकीच्या तीन चाकांची झाकणं स्वतः काढून तिथलेही अडसर तपासले.

चाकांची ऑर्डर त्यांनी अजून दिलेली नाही. विक्रेत्याला बैठकीचा कोन, कमाल भार आणि चाचणीचा कागद लेखी मागितला आहे. उत्तर यायचं आहे. मूळ मापाचे, एकाच एन खुणेचे चार पावसाळी टायर मात्र मिळाले. ते आणले तेव्हा त्यांनी भिंतीवरचा चार आकडी तारखेचा शिक्का चारही टायरांवर वाचला, एकाचा आठवडा वेगळा निघाला, आणि तो परत पाठवला.